खड्याच्या मागचा दाणा

मानवतच्या एका डाळमिलमध्ये मी आणि माझ्या नवऱ्याचे मामा, आम्ही दोघांनी मिळून एक यंत्र बसवलं, त्याची ही हकीकत. यंत्राचं काम सांगायला सोपं होतं. तुरीची डाळ एका उतरत्या पत्र्यावरून घसरत खाली यायची, कॅमेरा तिच्याकडे बघायचा, आणि डाळीत खडा किंवा काळा दाणा दिसला की खालच्या बारीक नळ्यांपैकी एकीतून हवेची फुंकर सुटून तेवढाच खडा बाजूच्या डब्यात उडवायची. अशी यंत्रं मोठ्या मिलमध्ये असतात. आमच्या मालकांना हवं होतं तेवढं लहान कुणी बनवत नव्हतं, आणि "हे बाहेरून मागवावं लागतं" असं कुणी म्हटलं की मामांना झोप येत नसे.

मामांचं वालूरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टीव्ही भिंतीला चिकटले, दुरुस्तीला येणं बंद झालं, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर ते कॉम्प्युटरची सी भाषा शिकले. पुस्तक पाठ केलं होतं म्हणालात तरी चालेल. मी पुण्यात आठ वर्षं एका कंपनीत प्रोग्राम लिहीत होते. नवऱ्याची बदली मानवतला झाली, मी नोकरी सोडून इकडे आले आणि दोन महिन्यांत मामांच्या हाती सापडले.

यंत्रात दोन प्रोग्राम होते. बघणारा माझा, फुंकणारा मामांचा. दोन कशाला, असं मालकांनी विचारलं तेव्हा आम्ही सांगितलं की कॅमेऱ्याचा प्रोग्राम मध्येच बंद पडला तरी हवेच्या झडपा उघड्या राहायला नकोत, म्हणून वेगळे ठेवलेत. हे कारण खरं होतं. दुसरं कारण असं की मामा मला त्यांच्या कोडला हात लावू देत नव्हते आणि मी त्यांना माझ्या.

पहिल्या चाचणीला मालक पांढरा शर्ट घालून आले. मिलमध्ये डाळ हाताने निवडणाऱ्या आठ बायका होत्या, त्याही काम थांबवून जवळ आल्या. त्यांच्या म्होरक्या बाईंना सगळेच मावशी म्हणायचे. तीस-पस्तीस वर्षं डाळ निवडून त्यांची बोटं अशी झाली होती की त्या तोंडाने शेजारणीच्या सुनेची चौकशी करत आणि बोटं आपली खडे वेचत राहत. त्यांनी आमच्या यंत्राचं नाव पहिल्याच दिवशी ठेवलं होतं. फुंक्या.

मालकांनी बटण दाबलं. डाळ घसरू लागली, फट् फट् फुंकरी सुटू लागल्या, बाजूच्या डब्यात काहीतरी पडू लागलं. मालक खूश झाले. मग त्यांनी चांगल्या डाळीच्या टोपलीत हात घातला आणि मूठभर खडे बाहेर काढले. बाजूच्या डब्यात मात्र सोन्यासारखी स्वच्छ डाळ होती.

"कॅमेरा बदलावा लागेल का?" मालकांनी मला विचारलं.

मी काही बोलणार तेवढ्यात मावशी खाली वाकल्या, पत्र्याच्या कडेला डोळा लावून दोन मिनिटं बघत राहिल्या आणि उठल्या.

"कॅमेऱ्याला दिसायलंय बरोबर," त्या म्हणाल्या. "खडा निघून जायलाय आन तेच्या मागचा दाणा उडायलाय. दर येळी मागचाच. दिसतंय तेला, पर सांगायला उशीर व्हायलाय."

मी पुण्यात असताना असलं निदान करायला आम्ही तीन बैठका घेत असू.

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. कॅमेरा आणि नळ्या यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या पाव हिश्शात दाणा ते ओलांडायचा. तेवढ्यात माझ्या प्रोग्रामने खडा ओळखून मामांच्या प्रोग्रामला निरोप द्यायचा होता. निरोप द्यायची माझी पद्धत मी पुण्याहून जशीच्या तशी उचलून आणली होती. प्रत्येक खड्यासाठी माझा प्रोग्राम एक नवी जोडणी उघडायचा, मायना-मजकुरासकट पत्र लिहावं तसा निरोप लिहायचा, पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचा आणि जोडणी बंद करायचा. वेबसाइट अशाच चालतात, आणि वेबसाइटवर कुणाच्या डोळ्यांसमोरून दगड घसरत नसतो.

"एकाच कॉम्प्युटरच्या डब्यात बसलेल्या दोन प्रोग्रामांना पोस्टाची भानगड कामून?" मामा म्हणाले. "मेमरीचा एकच तुकडा दोघांत ठिवायचा. तुमी लिवा, मी वाचतो. मधी कुणी न्हाई."

ही पद्धत सगळ्यात वेगवान, हे मला ठाऊक होतं. पण पुण्यात एकदा दोन प्रोग्रामांनी एकाच मेमरीत हात घातल्यामुळे झालेली चूक शोधण्यात माझे दोन महिने गेले होते, आणि ती अद्दल मी विसरले नव्हते. शिवाय खरं सांगायचं तर मामांचं बरोबर निघावं असं मला वाटत नव्हतं.

"मामा, त्यात धोका आहे," मी म्हटलं. "माझीच पद्धत जरा घासूनपुसून घेतली की चालेल."

"घासून भांडं चमकतं, सूनबाई. पळत न्हाई."

मी एका मोठ्या कागदावर निरोप द्यायच्या सगळ्या पद्धती लिहिल्या. फाइलमध्ये लिहून ठेवणं, नळीसारखी एकेरी वाट, संदेशांची रांग, स्थानिक जोडणी, सामायिक मेमरी. प्रत्येकीपुढे फायदे-तोटे, रंगीत पेनाने. कागद मिलच्या भिंतीला चिकटवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर मामा तोच कागद खाली अंथरून त्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते.

"वाचला का पण?" मी विचारलं.

"वाचायलोच की. टरफलाखाली तुमची पद्धत हाय, तेवढी राहिली."

असे चार दिवस गेले. मिल सुरू, फुंक्या बंद, आणि आम्ही दोघं एकमेकांशी फक्त चहापुरतं बोलत होतो. शेवटी मावशींनीच तोडगा काढला. त्यांना आमच्या वादात काय गंमत वाटत होती कोण जाणे, पण रोज जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन आमच्या शेजारी येऊन बसायच्या आणि "आज कोण जिंकायलंय?" म्हणून विचारायच्या.

"मी शंभर खडे मोजून एका पोत्यात टाकते," त्या म्हणाल्या. "आदी पोरीची पद्धत चालवा, मंग मामाची. खालच्या टोपलीत किती खडे ऱ्हातेत ते मी मोजते. हरेल तेनं दिवसभर आमच्या वळीत बसून डाळ निवडायची. मोबाईल न्हाई, खुर्ची न्हाई."

बाकीच्या सात जणींना ही कल्पना फारच आवडली. मामांनी लगेच होकार दिला. मग मला नाही म्हणता येईना.

चाचणी सोमवारी ठरली. मामांच्या पाळीला माझ्या प्रोग्रामने मेमरीत लिहावं, एवढी सोय मीच करून दिली. शनिवारी मी माझ्या पद्धतीत जमेल तितकी सुधारणा केली. दर वेळी नवी जोडणी उघडायची ती एकदाच उघडून ठेवली, निरोप छोटा केला, पोचेची वाट बघणं सोडून दिलं. खूप फरक पडला. डाळ तुरळक येत असली की खडे बरोबर उडायचे. पण डाळीची गर्दी झाली, एकदम चार-पाच खडे आले, की माझे निरोप रांगेत अडकायचे आणि पुन्हा मागचा दाणा उडायचा.

रविवारी मिल बंद होती. मी चाचणीची तयारी म्हणून गेले आणि पत्र्यावर डाळ सोडणारी जी थरथरती चाळण असते, तिचं बटण अगदी थोडंसं, दोन केसांइतकं, मागे फिरवलं. डाळ जरा विरळ येणार, गर्दी होणार नाही, निरोप अडकणार नाहीत. मनाला सांगितलं की यंत्राला सांभाळून चालवायला काय हरकत आहे. ही बेइमानी आहे हे मला नीट कळत होतं, आणि मला मजाही येत होती. बाहेर पडताना दारात मामा भेटले. तेही तयारीसाठीच आले होते.

"तुमी इथं?" ते म्हणाले.

"सहज," मी म्हटलं. "तुम्ही?"

"मीबी सहजच."

सोमवारी मालक आले, त्यांनी आज शर्ट बदामी रंगाचा घातला होता. मावशींनी पोतं ओतलं. आधी माझी पाळी. डाळ सावकाश, एकेका दाण्याला जागा देत घसरली. मावशींनी टोपली चाळून, पाखडून खडे मोजले. सहा राहिले होते. शंभरातले सहा. बायका कौतुकाने माना डोलवायला लागल्या आणि मी मामांकडे बघायचं टाळलं, कारण मला हसू आवरत नव्हतं.

मग आम्ही तोच माल पुन्हा एकत्र केला. डाळीची धार वाढवायची असेल तर वाढवा, असं मी उदार मनाने म्हणाले. मामा म्हणाले, न्हाई, हाय तसंच चालू द्या. त्यांची पद्धत सुरू झाली. फुंकरींचा आवाज आज जरा निराळा होता. फट् ऐवजी फुस्स. मावशींनी टोपली तीनदा पाखडली. एकही खडा नाही.

मामांनी चष्मा काढून पुसला. मी मनातल्या मनात बायकांच्या ओळीत बसलेसुद्धा.

पण मावशी उठल्या नाहीत. त्यांनी बाजूचा डबा, उडवलेल्या मालाचा, पुढे ओढला. त्यात दोन्ही हात घालून ओंजळ भरली आणि मालकांसमोर धरली. शंभर खडे होतेच, पण त्यांच्याबरोबर तिथे जवळजवळ सूपभर चांगली डाळ होती.

"मामा," त्या शांतपणे म्हणाल्या, "खड्याच्या नावानं सगळा शेजार उडवलाव की तुमी."

मामांनी रविवारी फुंकर लांबवून ठेवली होती. खडा नेमका कुठे आहे याची फिकीरच करायची नाही, आधीपासून मागपर्यंत सगळं उडवून द्यायचं. निरोप उशिरा येवो की लवकर, खडा सुटायचा प्रश्नच नव्हता. मी तोंडावर हात ठेवला. त्यांची बेइमानी माझ्यापेक्षा जास्त कल्पक होती, हे मला मान्य करावं लागलं.

"अन पोरी," मावशी माझ्याकडे वळल्या, "आता हे शनिवारी होतं तसं कर आन चालव."

"म्हणजे?"

"तुला ठावं हाय. ही चाळण रोज कानाशी वाजती माझ्या. शनिवारपर्यंत हिची थरथर येगळी होती. आज ही पेंगायलीय."

मालकांनी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठले आणि बटण होतं तिथे आणलं. पुन्हा चालवलं तेव्हा माझे सदतीस खडे राहिले. मामांना फुंकर पहिल्यासारखी आखूड करायला लावली, तेव्हा त्यांचे अकरा. तसे ते जिंकले होते. पण मावशींनी निकाल वेगळा दिला.

"दोघंबी वळीत," त्या म्हणाल्या, आणि मालकांनीही हसून मान डोलावली.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं जमिनीवर मांडी घालून बसलो, माझ्या डाव्या हाताला मावशी, समोर मामा, पुढ्यात डाळीचा ढीग. सुरुवातीला मी फार जोरात होते. अर्ध्या तासाने पाठ भरून आली. तासाने डाळ आणि खडा यांच्यातला फरकच दिसेनासा झाला. मी वेचलेल्या ढिगातून मावशी न बघता हात फिरवायच्या आणि चार खडे काढून माझ्या पुढ्यात ठेवायच्या. मामांची तर आणखी शोभा झाली. त्यांना जवळचा चष्मा लागायचा आणि तो घरी राहिला होता. बायकांनी त्यांच्यासाठी गूळ, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा असं सगळं आपापल्या डब्यातून काढलं आणि दर दहा मिनिटांनी "मामा, तुमचा खडा पळायलाय" म्हणून ओरडत राहिल्या.

दुपारनंतर थट्टा थकली आणि आम्ही बोलायला लागलो. लॅपटॉप नाही, मोबाईल नाही, कागद नाही, दुसरं करायला काही नव्हतं. एवढ्या महिन्यांत मी आणि मामा सलग तासभर एकमेकांसमोर पहिल्यांदाच बसलो होतो. मी त्यांना पुण्याच्या त्या दोन महिन्यांच्या चुकीबद्दल सांगितलं. एका प्रोग्रामचं लिहून पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्याने वाचलं आणि अर्धं जुनं, अर्धं नवं असं काहीतरी उचललं. ते म्हणाले, असं होईल हे त्यांना सुचलंच नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं की त्यांच्या पद्धतीतही अकरा खडे कसे राहिले, मेमरी तर लगेच दिसते.

"कॅमेऱ्यालाच कधीकधी ओळखायला वेळ लागतो," मी म्हटलं. "मग निरोप निघतोच उशिरा."

मावशी ऐकत होत्या. "उशीर झालेला निरोप ऐकून फुंकायचंच कामून?" त्या म्हणाल्या. "खडा तर गेला. मागच्याला कामून मारायचं? गप बसायचं."

आमच्यापैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. निरोपात फक्त "या नळीतून फुंक" एवढंच असायचं. खडा कॅमेऱ्याला कोणत्या क्षणी दिसला, हे आम्ही लिहीतच नव्हतो. ते लिहिलं तर मामांच्या प्रोग्रामला नेमकं कधी फुंकायचं ते कळेल, आणि वेळ टळून गेली असेल तर तो निरोप सोडूनही देता येईल.

"सामायिक मेमरी," मी म्हटलं. "तुमची पद्धत. पण एक घर नाही, घरांची ओळ करायची. मी पुढच्या घरात लिहीत जाईन, तुम्ही मागून वाचत या. सगळं लिहून झाल्यावर शेवटी मी घराचा क्रमांक टाकीन. क्रमांक दिसल्याशिवाय तुम्ही वाचायचं नाही."

"मंजूर," मामा म्हणाले. "पर तुमचा कोड मला दाखवावा लागल."

"आणि तुमचा मला."

हा करार डाळीच्या ढिगावर झाला. मावशींनी दोघांच्याही पुढ्यात आणखी एकेक सूप डाळ ओतली, कारण दिवस संपायला अजून वेळ होता.

पुढचे आठ दिवस आम्ही एकाच टेबलावर बसलो. खडा ओळखायला माझ्या प्रोग्रामला लागणारा वेळही मी कमी केला. एकदा माझ्याकडून क्रमांक आधी आणि मजकूर नंतर लिहिला गेला, आणि फुंक्या तिसऱ्या नळीऐवजी तेराव्या नळीतून फुंकायला लागला. ही चूक मामांनी पकडली, माझ्याच कोडमध्ये. ती पकडल्यावर ते दोन दिवस ज्या सौजन्याने वागले ते मला फार जड गेलं. मीही मग त्यांच्या कोडमध्ये झडप बंद करायची विसरलेली एक ओळ शोधली आणि तितक्याच सौजन्याने दाखवली.

पुन्हा चाचणी घेतली. या वेळी कुणी रविवारी फिरकलं नाही. मावशींनी स्वतः चाळणीला कान लावून खात्री केली, बाजूचा डबाही आधी रिकामा करून बघितला. शंभर खड्यांतला एकही उरला नाही, आणि डब्यात चांगली डाळ मूठभरच गेली. मालकांनी सगळ्यांसाठी चहा आणि भजी मागवली. मामांनी माझ्याकडे कप पुढे केला. मीही माझा केला.

तेवढ्यात मावशींनी खालच्या टोपलीतून चिमटीने काहीतरी वेचलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. डाळीच्या रंगाचे, डाळीच्याच आकाराचे पाच दाणे. मी दाबले तर त्यांची माती झाली.

"ह्ये मोजले न्हवते मी," त्या म्हणाल्या. "पिवळ्या मातीचे केलते, उन्हात वाळवून. रंग बघून फुंकायलाय ना त्यो. बोटाला कळतंय, तेला न्हाई कळत."

त्या कुठे बसून, किती मन लावून ते पाच दाणे वळले असतील, याचा विचार करून मला अजून हसू येतं. मालकांना मात्र हसू आलं नाही. ते दाणे त्यांनी कागदात बांधून खिशात ठेवले. यंत्र आल्यावर निवडायच्या बायका लागणार नाहीत असं त्यांनी मनात धरलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. यंत्रातून उतरलेली डाळ आणि उडवलेला डबा, दोन्हीवर शेवटचा हात फिरवायला पाच जणी राहिल्या. तिघी पोती शिवायच्या विभागात गेल्या. त्यातल्या एकीला तिथलं काम आवडलं नाही, ती अजून मला बघितलं की तोंड फिरवते. तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

गेल्या महिन्यात जिंतूरच्या एका मिलचे लोक यंत्र बघायला आले. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, मी बोलायचे मुद्दे काढून ठेवले होते. आम्ही पोहोचलो तोवर मावशी त्यांना यंत्रापुढे उभं करून समजावून सांगत होत्या.

"आत दोघं हायेत," त्या म्हणत होत्या. "एक बघतंय, एक फुंकतंय. बोलणं न्हाई, पत्र न्हाई. बघणारं ओळीत लिवत जातंय, फुंकणारं मागून वाचत येतंय. लिवणं पुरं झालं की नंबर टाकायचा, तवर ह्येनं डोकवायचं न्हाई. अन उशीर झाला तर गप बसायचं. आदी ह्येंच्यात ह्येच न्हवतं."

पाहुण्यांतल्या एकाने वही काढून ते लिहून घेतलं आणि मावशींना विचारलं, "मॅडम, तुम्ही कंपनीकडून आलात का?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या, "मी तपासायला हाय," आणि त्यांना बाजूचा डबा दाखवायला घेऊन गेल्या. मामांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी मुद्द्यांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आम्ही दोघं पाहुण्यांच्या मागे मागे गेलो.